उरोस्थीचा संसर्ग आणि दाबाखालचा ऑक्सिजन: कधी सुरू करायचा?

1950च्या दशकात ॲमस्टरडॅममध्ये हृदयशस्त्रक्रियाच दाबकक्षात, म्हणजे हवेचा दाब वाढवून ऑक्सिजन देण्याच्या बंद खोलीत, होऊ लागल्या होत्या. डुकरांचं जवळजवळ सगळं रक्त काढून घेतलं, तरी तीन वातावरण (नेहमीच्या हवेच्या तिप्पट) दाबाखालच्या ऑक्सिजनवर ती जगतात, हे 1960 साली तिथूनच प्रसिद्ध झालं. पुढे शस्त्रक्रियेदरम्यान हृदय-फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन भरवशाचं झालं आणि शस्त्रक्रियेसाठी या कक्षांची गरज उरली नाही. गॅस गँगरीनच्या (स्नायू झपाट्यानं कुजवणाऱ्या जंतुसंसर्गाच्या) उपचारात मात्र ते टिकून राहिले.

हृदयापर्यंत पोचायला छातीचं मधलं हाड, म्हणजे उरोस्थी, मधोमध चिरण्याची पद्धत 1957 नंतर रूढ झाली. जखम चिघळली की आधी नळ्यांतून धुणं, 1980पासून स्नायूंचे फ्लॅप (जखमेवर वळवलेले जिवंत स्नायू), नव्वदच्या दशकाअखेर व्हॅक्यूम ड्रेसिंग (पंपानं जखमेतला स्राव शोषणारी पट्टी), असे उपाय येत गेले.

मूळ अडचण रक्तपुरवठ्याची आहे. उरोस्थीला रक्त मिळतं छातीच्या आतल्या बाजूनं जाणाऱ्या मॅमरी धमनीच्या शाखांतून, आणि बायपाससाठी नेमकी तीच धमनी काढून वापरतात. मधुमेही रुग्णाच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या घेतल्या, तर हाड अर्धपोटीच राहतं. पांढऱ्या पेशींना जंतू मारायला ऑक्सिजन लागतो. अमिकासिनसारखी अँटिबायोटिक औषधंही त्याच्याशिवाय जंतूच्या आत नीट शिरत नाहीत. म्हणून शस्त्रक्रियेच्या जोडीला 2 ते 2.5 वातावरण दाबाची, साधारण दीड तासाची रोजची सत्रं देतात.

वाद आहे तो ही सत्रं कधी सुरू करायची याचा. हाडाच्या संसर्गात हा उपचार मान्य होतो तो ‘रिफ्रॅक्टरी’ अवस्थेत, म्हणजे डीब्राइडमेंट (मेलेला, कुजलेला भाग कापून काढणं) आणि अँटिबायोटिक्स हरल्यावर. पायाच्या हाडात ही वाट पाहणं परवडतं, उरोस्थीमागे तर थेट हृदय आहे. त्यामुळे एका प्रमुख शिफारशीत कवटी, मणका आणि उरोस्थी यांना वेगळं काढून, मोठ्या डीब्राइडमेंटच्या आधीच याचा विचार करावा असं म्हटलं आहे. मला ही सूट रास्त वाटते. पू साचलेला असेल आणि हाड कुजलेलं असेल तर आधी चाकूच हवा, याबद्दल अर्थातच दुमत नाही.

शल्यचिकित्सकांचा आक्षेपही पोकळ नाही. न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा साचणं) असेल तर नळी घातल्याशिवाय कक्षात नेता येत नाही. अशक्त हृदयाला फुप्फुसात पाणी होण्याची भीती असते. पेसमेकरला तो दाब चालतो का, हे तपासावं लागतं. बहुतेक व्हॅक्यूम पंप सत्रापुरते काढून ठेवावे लागतात.

2000नंतर आलेल्या तुलना छोट्या आहेत. संसर्ग उलटण्याचं प्रमाण घटल्याचं त्यांत दिसतं, पण रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नाही. कक्ष जवळ असणं, रुग्ण तिथवर नेण्याइतका स्थिर असणं, यावरच बऱ्याचदा गट ठरला.