मिनी मोटारीची इंजिन व सबफ्रेम माउंटिंग

ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने २६ ऑगस्ट १९५९ रोजी बाजारात आणलेल्या मिनी या छोट्या मोटारीत इंजिन-गिअरबॉक्सचा संच पुढच्या सबफ्रेमवर (इंजिन व चाके धरणाऱ्या, बॉडीला खालून जोडलेल्या पोलादी चौकटीवर) आणि सबफ्रेम बॉडीवर ज्या आधारांनी बसवलेली असते, त्यांना माउंटिंग म्हणतात. पोलादी पट्ट्यांना चिकटवलेले रबर किंवा बोल्टभोवतीचे रबरी बुश असे त्यांचे स्वरूप असते. आपल्याकडे गॅरेजमध्ये इंजिनाच्या माउंटिंगला ‘फाउंडेशन’ असेही म्हणतात. ऑक्टोबर २००० मध्ये उत्पादन थांबेपर्यंत ५३ लाखांहून अधिक मिनी तयार झाल्या. त्यांतल्या ज्या आज चालू आहेत, त्यांतील बहुतेकींची ही रबरे एकदा तरी बदललेली असतात.

रबरी माउंटिंगचा उगम : मोटारींच्या आरंभकाळात इंजिन चासीला थेट बोल्टने आवळत असत. रबरावर ‘तरंगते’ इंजिन लोकप्रिय केले ते क्रायस्लरने. त्यांच्या १९३१ च्या प्लिमथ पीए मोटारीत ‘फ्लोटिंग पॉवर’ या नावाने ही रचना आली. पुढचा आधार उंचावर आणि मागचा गिअरबॉक्सखाली, असा की दोहोंना जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्याजवळून जावी. इंजिन त्या रेषेभोवती डोलू शके व बाजूची एक पानपट्टी स्प्रिंग त्याला मर्यादेत ठेवी. चार सिलिंडरांच्या इंजिनाचा जन्मजात हादरा त्यामुळे आसनापर्यंत पोहोचेनासा झाला. सित्रोएन या फ्रेंच कंपनीने १९३२ मध्ये या रचनेचा परवाना घेतला आणि त्या मोटारींवर हंसाचे चिन्ह लावले. श्रेय कोणाचे, याबाबत मात्र दोन परंपरा आहेत. अमेरिकी लेखन ते क्रायस्लरच्या अभियंत्यांना देते. फ्रेंच लेखन लमेर व दोबारेद या अभियंत्यांकडे बोट दाखवते आणि क्रायस्लरने त्यांचीच कल्पना घेतली असे सांगते. इंजिनाखाली रबर घालण्याचे सुटे प्रयोग १९२० च्या दशकातही झाले होते. तेव्हा मूळ कल्पनेचा दावा बाजूला ठेवून, मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात ती पक्की करण्याचे श्रेय क्रायस्लरला देणे अधिक सयुक्तिक वाटते.

सबफ्रेम का आली, यावरही एकवाक्यता नाही. एका मताप्रमाणे ती जुळणीच्या सोयीसाठी होती : इंजिन, चाके, ब्रेक व सस्पेन्शन आधीच एका चौकटीवर बसवायचे आणि तो संच बॉडीखालून वर चढवायचा. दुसऱ्या मताप्रमाणे, आरंभीच्या नमुना गाड्यांत सस्पेन्शन थेट बॉडीला जोडले होते व चाचणीत पत्र्याला तडे गेले, म्हणून मिनीचे रचनाकार ॲलेक इसिगोनिस यांच्या चमूने सबफ्रेम घातल्या. दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. जुळणीतील सोय हा नंतर मिळालेला लाभ असावा.

मिनीत माउंटिंगवर ताण जास्त का येतो : इंजिन आडवे, गिअरबॉक्स त्याच्याच तळाशी तेलाच्या कुंडात आणि डिफरन्शियलही (दोन्ही चाकांत चालना वाटणारा गिअरसंच) त्याच कवचात. त्यामुळे चाकांना मिळणाऱ्या पिळाची (टॉर्कची) पूर्ण प्रतिक्रिया माउंटिंगवर येते. ८४८ घसेंमी. इंजिनाचा कमाल पिळ सुमारे ६० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.६३, डिफरन्शियलचे अंतिम गुणोत्तर ३.७६५. गुणाकार ८०० न्यूटन-मीटरच्या वर जातो. कुर्ल्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या मोटारीत इंजिन लांबीच्या दिशेने असते, चालना मागच्या चाकांना मिळते आणि अंतिम गुणोत्तराचा ताण मागचा ॲक्सल सोसतो. तिथे इंजिनाची रबरे बऱ्याच अंशी वजन व कंप सांभाळतात. मिनीत दोन लहान माउंटिंग एवढा पिळ पेलू शकत नाहीत. म्हणून ब्लॉकच्या वरच्या भागातून, क्लचच्या बाजूने, बल्कहेडकडे (इंजिन व प्रवासी यांच्यामधील पोलादी भिंतीकडे) एक दांडी जाते. तिला स्टेडी बार म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना रबरी बुश असतात आणि सहसा सर्वांत आधी तेच जातात.

रचना : इंजिनाची दोन माउंटिंग पुढच्या सबफ्रेमवर बसतात, एक रेडिएटरच्या बाजूला व दुसरे क्लचच्या बाजूला. पुढची सबफ्रेम बॉडीला सहा ठिकाणी जोडलेली असते : वर दोन मनोरे, पुढे थेंबाच्या आकाराचे दोन आधार, मागे फरशीजवळ दोन. १९७६ पर्यंत हे सांधे रबराविना, धातूला धातू लागून होते. त्या वर्षी आवाज कमी करण्यासाठी तिथे रबर आले. मागची सबफ्रेम मात्र सुरुवातीपासून चार रबरी आधारांवर आहे : दोन मागच्या आसनापुढील उभ्या पत्र्याला, दोन डिकीच्या फरशीखाली. म्हणून सुटे भाग मागवताना गाडीचे वर्ष पाहून भागत नाही. आधीच्या मालकाने सबफ्रेम बदलली असेल तर प्रत्यक्ष सांधाच पाहावा लागतो.

लक्षणे : हँडब्रेक ओढून, बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवावे आणि सोबत्याने पहिल्या गिअरमध्ये, मग रिव्हर्समध्ये क्लच अगदी थोडा सोडावा. इंजिन बल्कहेडकडे व पुढे ठळकपणे झुकू लागले तर स्टेडी बारचे बुश संपले. क्लच सोडताना गाडी थरथरते ती पुष्कळदा याच कारणाने, क्लचप्लेट उगीच बदलली जाते. सायलेन्सरचा पुढचा पाइप मॅनिफोल्डशी (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या संचाशी) वारंवार सुटणे किंवा तडकणे, ही त्याचीच खूण. माउंटिंगमध्ये पोलादापासून रबर सुटले असेल, तर इंजिन पहारेने हलके उचलल्यावर फट उघडते. ब्रेक लावताना समोरून ‘ठक्’ आवाज आला तर पुढचे थेंबाकार आधार तपासावेत. मागची बाजू वळणावर उशिरा वळल्यासारखी वाटली तर मागच्या सबफ्रेमचे आधार पाहावेत. त्याआधी मात्र सबफ्रेमच गंजून खिळखिळी झाली नाही ना, हे टोचून पाहणे शहाणपणाचे. गंजलेल्या चौकटीला नवे रबर वाया जाते.

रबर झिजण्यापेक्षा कुजते अधिक. नैसर्गिक रबराला तेल चालत नाही आणि मिनीचे ए-सिरीज इंजिन क्लचच्या बाजूला तेल गाळण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. गळती न थांबवता घातलेले नवे माउंटिंग पुन्हा फुगून मऊ पडते. हवेतील ओझोनने पृष्ठभागावर बारीक चिरा पडतात. त्या उथळ असतील तर फारसे बिघडत नाही.

इंजिनाची माउंटिंग बदलणे : आटे यूएनएफ प्रकारचे, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे आहेत. १/२ व ९/१६ इंचाचे पाने बहुतेक कामाला पुरतात, मेट्रिक पान्याने डोकी गोल होतात. बोल्टांवर आदल्या रात्री गंजनिवारक तेल सोडावे. बॅटरी तोडून स्टेडी बार इंजिनाकडून सोडावा आणि सायलेन्सरची मॅनिफोल्डजवळची पट्टी व गिअरबॉक्सवरचा आधार सैल करावा. गिअरबॉक्सचे कवच ॲल्युमिनियमचे असल्याने जॅक आणि कवच यांच्यामध्ये लाकडी ठोकळा हवा. माउंटिंगवरचे वजन जाईल एवढेच उचलावे. त्यापुढे पाण्याचा पाइप, कार्बुरेटरच्या केबली व क्लचचा नळ ताणले जातात. एका वेळी एकच बाजू सोडावी. दोन्ही सोडल्यास इंजिन सरकते आणि भोके जुळवण्यात वेळ जातो. रेडिएटरच्या बाजूला रेडिएटरचा खालचा ब्रॅकेटही त्याच माउंटिंगला लागलेला असतो, तो आधी सोडावा. क्लचच्या बाजूला ब्रॅकेटचे बोल्ट क्लचच्या झाकणातून येतात. नवे माउंटिंग बसवताना सर्व बोल्ट हातानेच आट्यात चढवावेत, इंजिन खाली सोडून ते आपल्या जागी बसू द्यावे, मगच आवळावे. वजन येण्याआधी आवळलेले रबर कायमचे पिळलेले राहते व लवकर फाटते. स्टेडी बार सर्वांत शेवटी. तो ओढून-ताणून बसत असेल तर चूक बारमध्ये शोधू नये, इंजिन अजून तिरके आहे. मॅनिफोल्डजवळची पट्टी व सायलेन्सरचा आधार त्यानंतर आवळावेत.

सबफ्रेमची माउंटिंग बदलणे : यासाठी चौकट पूर्ण काढावी लागत नाही. पण गाडीचे वजन स्टँडवर, बॉडीच्या मजबूत भागाखाली हवे, सबफ्रेमखाली नव्हे. मागे चारही आधारांचे बोल्ट सैल करून एकेका बाजूचे काढावेत आणि फळीसह जॅकने चौकट २–३ सेंमी खाली आणावी. त्याआधी ब्रेकचा नळ, हँडब्रेकची केबल, पेट्रोलची नळी व डिकीतल्या बॅटरीकडून पुढे येणारी जाड केबल किती ताणली जाते, ते हाताने चाचपून पाहावे. बोल्टाला आतून नट धरावा लागतो, नाहीतर नट पत्र्याला वेल्ड केलेला असतो. गंजलेल्या वेल्डचा नट बोल्टासोबत गरगर फिरू लागला की पत्रा कापून नवा नट बसवण्याखेरीज इलाज उरत नाही. १९६४ ते १९७१ दरम्यानच्या हायड्रोलास्टिक (दाबाखालील द्रवावर चालणाऱ्या) सस्पेन्शनच्या गाड्यांत दाब न सोडता मागची सबफ्रेम खाली आणू नये. पुढे स्टिअरिंग रॅक फरशीखाली सबफ्रेमच्या अगदी वर असतो. चौकट जास्त खाली गेल्यास स्टिअरिंग दांड्याचा सांधा ओढला जातो.

रबराऐवजी ॲल्युमिनियमचे किंवा पॉलियुरेथेनचे आधारही विकले जातात. शर्यतीच्या गाड्यांत त्यांना स्थान आहे, पण रोजच्या गाडीत घोंगावणारा आवाज व स्टिअरिंगमधला कंप वाढतो. काही ठिकाणी धातू आणि काही ठिकाणी रबर असे मिश्रण विशेषतः टाळावे. रबर दबते, धातू दबत नाही, आणि सारा ताण धातूच्या सांध्याभोवतीच्या पत्र्यावर जातो. जुन्या साठ्यातले न वापरलेले माउंटिंग घेताना बोटाने दाबून पाहावे. ते दबत नसेल तर पेटीत पडूनच म्हातारे झाले आहे. नवी रबरे बसल्यावर १५०–२०० किमी. नंतर सर्व बोल्ट एकदा पुन्हा आवळून घेतात.