७.६३ मोठं, तरी विक्रम ७.५२चाच

महिलांच्या लांब उडीत विश्वविक्रम ७.५२ मीटरचा आहे. ११ जून १९८८ रोजी लेनिनग्राडमध्ये सोव्हिएत संघाच्या गालिना चिस्त्याकोवाने तो केला, आणि अजून तो कुणालाही मोडता आलेला नाही. पण २१ जुलै १९९२ रोजी इटलीतल्या सेस्त्रिएरे इथे जर्मनीच्या हाइके ड्रेक्सलरने ७.६३ मीटर उडी मारली होती. तब्बल ११ सेंटीमीटर जास्त! मग विक्रम तिच्या नावावर का नाही?

कारण वारा. लांब उडीतलं अंतर मुख्यतः धावण्याच्या वेगावर ठरतं आणि पाठीमागून येणारा वारा तो वेग वाढवतो. म्हणून उडीच्या वेळी वाऱ्याचा वेग मोजतात. तो सेकंदाला २ मीटरपर्यंत असेल तरच उडी विक्रमासाठी धरतात. चिस्त्याकोवाच्या वेळी वारा १.४ होता, ड्रेक्सलरच्या वेळी २.१. एवढ्याशा फरकाने इतकी मोठी उडी विक्रमांच्या यादीबाहेर राहिली, याची मला अजून हळहळ वाटते. पण रेषा कुठेतरी आखावीच लागते.

इथे आणखी एक घोटाळा होतो. सेस्त्रिएरे समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच आहे, तिथल्या विरळ हवेचाही उडीला फायदा मिळतो. त्यामुळे ‘उंचीमुळे विक्रम नाकारला’ असं काहींना वाटतं. तसं नाही. उंचीला नियमात मर्यादा नाही, मर्यादा फक्त वाऱ्याला आहे.

आणि वारा जास्त म्हणजे उडी ‘फाउल’ असंही नाही. स्पर्धेतला क्रमांक ठरवताना ती पूर्ण धरतात, कारण त्या दिवशी सगळ्या जणी त्याच मैदानावर उड्या मारत असतात. वाऱ्याच्या मदतीने सुवर्णपदक मिळू शकतं, विक्रम मात्र नाही.

म्हणून नुसतं अंतर वाचू नये, शेजारचा वाऱ्याचा आकडाही पाहावा. सेस्त्रिएरेच्या १३ दिवस आधी, ८ जुलैला, ड्रेक्सलरने लोझानमध्ये ७.४८ मीटर उडी मारली होती. तेव्हा वारा होता फक्त ०.४. तिची नियमात बसणारी सर्वोत्तम कामगिरी तीच. विश्वविक्रमापेक्षा ती ४ सेंटीमीटर कमी आहे, पण तिला वाऱ्याची मदत जवळजवळ नव्हतीच. माझ्या मते १९९२ची तिची खरी थोर उडी ७.६३ची नव्हे, ही आहे.