चिन्हांची भाषा वर्गात कशी आली

चार्ल्स ब्लिस हा पेशाने रासायनिक अभियंता. नाझींच्या छळछावणीतून सुटून तो पुढे शांघायला पोहोचला. चिनी लिपी पाहून त्याच्या डोक्यात आले, की कोणत्याही भाषेच्या माणसाला वाचता येतील अशी चिन्हे का असू नयेत? १९४९ मध्ये त्याने आपली चिन्हपद्धती सिडनीत प्रसिद्ध केली. हेतू जागतिक शांततेचा होता. जगाने ढुंकूनही पाहिले नाही.

तिचा खरा उपयोग १९७१ मध्ये टोरांटोत सापडला. सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूतील इजेमुळे स्नायूंवर ताबा न राहणे) बोलू न शकणाऱ्या मुलांच्या शिक्षिका शर्ली मॅकनॉटन यांनी ती चिन्हे फलकावर मांडली. हृदयाची आकृती म्हणजे भावना. तिच्यासोबत वर जाणारा बाण आला की आनंद, खाली जाणारा आला की दुःख. मुले चिन्हे जोडून नवे अर्थ तयार करू लागली. ब्लिस आधी हरखला, मग शिक्षक आपल्या चिन्हांत फेरफार करतात म्हणून चिडला आणि वर्षानुवर्षे भांडला. मुलांनी काय साधले, यापेक्षा त्याला रेषांची शुद्धता मोठी वाटली असावी.

त्याच दशकात अमेरिकेत लाना या चिंपांझीसाठी कळफलकावरच्या अमूर्त आकृत्या बनवल्या गेल्या. पुढे रोमस्की आणि सेव्हचिक या संशोधकांनी त्या तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या किशोरांना शिकवल्या. वस्तूशी काहीही साम्य नसलेल्या आकृत्याही ती मुले शिकली.

तरी १९८१ मध्ये आलेली मेयर-जॉन्सन यांची साधी रेखाचित्रे झपाट्याने पसरली, कारण ती चटकन ओळखू येतात. अर्थात ‘चेंडू’ काढता येतो. ‘अजून’ किंवा ‘नको’ कसे काढणार? १९८५ च्या सुमारास बॉन्डी आणि फ्रॉस्ट यांनी ऑटिझम असलेल्या मुलांसाठी चित्र देऊन वस्तू घेण्याची पद्धत बसवली. सुरुवात म्हणून ती चांगली, पण बऱ्याच वर्गांत मुलांचे संभाषण वस्तू मागण्यापुढे सरकतच नाही.

मला महत्त्वाचे वाटते ते याच सुमाराचे आणखी एक वळण. कॅरोल गूसेन्स आणि सहकाऱ्यांनी सुचवले, की मुलाची परीक्षा घेण्याऐवजी मोठ्यांनीच बोलताना फलकावरच्या चिन्हांवर बोट ठेवावे. बोलकी मुले भाषा ऐकत शिकतात. या मुलांना मात्र त्यांची भाषा वापरणारे कोणी दिसतच नव्हते.

चित्रे दिली तर मूल बोलणारच नाही, ही पालकांची धास्ती जुनीच. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी या प्रश्नावरील संशोधनांचा आढावा घेतला. भक्कम पुराव्याच्या एकाही उदाहरणात बोलणे घटलेले नव्हते. बहुतेकांत ते थोडे वाढलेच होते.