कागदावरचे ॲव्हरेज आणि नाशिकचा रस्ता

छोटी कौटुंबिक गाडी घेताना शोरूममध्ये सांगितला जाणारा लिटरमागचा आकडा आणि गाडी घरी आल्यावर प्रत्यक्ष पडणारे ॲव्हरेज यांत चार-पाच किलोमीटरचा फरक सहज पडतो. ही तक्रार नाशिकमध्ये नवी नाही. त्यावर दोन ठरलेली उत्तरे मिळतात : गाडीवाला म्हणतो, कंपनी फसवते, डीलर म्हणतो, तुमचा पाय जड आहे. दोन्ही उत्तरांत थोडे तथ्य असले, तरी मूळ कारण त्यांच्या पलीकडचे आहे. ज्या चाचणीतून तो आकडा निघतो ती ग्राहकाला खर्चाचा अंदाज देण्यासाठी रचलेलीच नव्हती. ती धूर मोजण्यासाठी रचली गेली, नंतर परदेशी नमुन्यावर बेतली गेली आणि पुढे कंपन्यांच्या सरकारी हिशेबाचा पाया झाली. प्रत्येक टप्प्याने त्या आकड्यावर आपली छाप सोडली आहे.

१९८३ पूर्वी या प्रश्नाला फारसा अर्थ नव्हता. अ‍ॅम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी यांतून निवड करायची, नंबर लावून वाट पाहायची आणि लिटरला दहा-बारा किलोमीटर मिळाले तर समाधान मानायचे, असा तो काळ होता. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत चौपटीच्या घरात गेला आणि इंधन वाचवणे हा सरकारी धोरणाचा विषय झाला. पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था १९७८ मध्ये त्यातूनच उभी राहिली. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० आली. तिचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे होते. पण तिच्या काटकसरीचे खरे गमक वजनात होते. रिकामी गाडी साडेसहाशे किलोच्या आसपास भरे आणि जपून चालवली तर लिटरला अठरा-वीस किलोमीटर सहज देई. दोनच वर्षांनी, १९८५ मध्ये, हीरो होंडाची सीडी १०० ही चार स्ट्रोकची मोटरसायकल आली आणि ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ ही तिची जाहिरात देशभर पोहोचली. पहिली चारचाकी घेणारा मध्यमवर्ग पुढे याच दुचाकीवरून उतरून आला आणि येताना लिटरचा हिशेब सोबत घेऊन आला. नाशिकच्या वसाहतींत, जिथे सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या पगारावर हप्ता बसवायचा असे, तिथे तर हा हिशेब गाडीच्या रंगाआधी होई.

प्रमाणित आकडा मात्र या हिशेबातून जन्मलेला नाही. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, या संस्थेकडे गाड्यांच्या चाचण्यांचे काम होते, आणि पेट्रोल गाड्यांतून किलोमीटरमागे किती घातक वायू बाहेर पडतात याचे मानक १९९१ मध्ये लागू झाले. त्यासाठी गाडी ठरावीक पद्धतीने चालवून पाहणे आवश्यक होते. म्हणून भारतीय शहरांतील वाहतुकीवर बेतलेले एक चालनचक्र, म्हणजे कोणत्या क्षणी किती वेग ठेवायचा याचा ठरलेला क्रम, वापरात आले : १०८ सेकंदांचे, पुन्हा पुन्हा चालवायचे, जास्तीत जास्त वेग ताशी ४२ किलोमीटर. त्या काळच्या मुंबई-पुण्याच्या रस्त्यांना ते शोभणारे होते. महामार्गाचा त्यात मागमूसही नव्हता.

२००० च्या सुमारास भारताने युरोपीय धर्तीची धूरमानके स्वीकारली, तेव्हा चक्रही बदलले. युरोपाचे तेव्हाचे चक्र दोन तुकड्यांचे होते : १९७० च्या सुमारास ठरलेला शहरी भाग आणि १९९० च्या सुमारास जोडलेला शहराबाहेरचा भाग. या दुसऱ्या भागात वेग १२० पर्यंत जात असे. मात्र कमी ताकदीच्या गाड्यांसाठी त्याचीच ९० वर थांबणारी सौम्य आवृत्ती होती. भारताने ९० ची मर्यादा घेतली. छोट्या गाड्यांचा आणि तेव्हाच्या रस्त्यांचा विचार करता ते चुकीचे नव्हते. परंतु पुढची दोन दशके रस्ते बदलत राहिले आणि चक्र जागच्या जागी राहिले.

ही चाचणी प्रत्यक्षात कशी होते हे समजून घेतले, तर बराच गैरसमज दूर होतो. गाडी रस्त्यावर नेतच नाहीत. वीस ते तीस अंश तापमान राखलेल्या दालनात तिची चाके रोलरवर ठेवतात, समोर मोठा पंखा लावतात आणि हवेचा व टायरचा रोध किती मानायचा हे रोलरला आधीच शिकवलेले असते. चालकापुढच्या पडद्यावर वेगाची रेषा सरकत असते आणि तिला धरून ॲक्सिलरेटर दाबायचा, एवढेच त्याचे काम. एकूण १,१८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना वीस सेकंद कमी; त्यात १९५ सेकंदांची चार शहरी आवर्तने आणि ४०० सेकंदांचा बाहेरचा भाग; अंतर सुमारे साडेदहा किलोमीटर. एसी बंद. जळालेले पेट्रोल टाकीतून मोजत नाहीत. सायलेन्सरमधून निघणारा धूर पिशव्यांत गोळा करतात आणि त्यातल्या कार्बनवरून किती पेट्रोल जळले याचे गणित मांडतात. शहरी भागात शून्यावरून ५० चा वेग गाठायला गाडीला २६ सेकंद दिलेले असतात. द्वारका चौकात सिग्नल सुटल्यावर कोणी इतक्या सावकाश निघाला, तर मागच्या रिक्षावाल्यांकडून त्याला काय ऐकावे लागेल ते सांगायला नको. शिवाय या चक्रात जवळपास पाव वेळ गाडी उभी असते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी व्यवस्था नव्या छोट्या गाड्यांत जी दिसू लागली, तिचा चाचणीत चांगला लाभ होतो. पुढे मे महिन्याच्या दुपारी एसी चालू ठेवण्यासाठी मालक तीच व्यवस्था बटण दाबून बंद करतो.

प्रयोगशाळा आणि रस्ता यांतली ही दरी आपल्यापुरतीच नाही. अमेरिकेने ती १९८५ च्या मॉडेलांपासूनच मान्य केली आणि चाचणीतून निघालेल्या आकड्यातून शहरासाठी १० टक्के व महामार्गासाठी २२ टक्के वजा करून तो ग्राहकाला सांगायला सुरुवात केली. २००८ च्या मॉडेलांपासून वेगवान चालन, एसी आणि थंडी यांच्या वेगळ्या चाचण्याही धरल्या. युरोप बराच काळ गप्प राहिला. तिथे २००१ मध्ये दहा टक्क्यांच्या आत असलेली तफावत २०१५ पर्यंत चाळीस टक्क्यांच्या आसपास गेली. रस्ते तेच, माणसेही तीच; बदलली ती कंपन्यांची परीक्षेची तयारी. अखेर २०१७ पासून तिथे नवे जागतिक चक्र आले, अर्ध्या तासाचे, १३१ च्या वेगापर्यंत जाणारे. तरीही गाड्यांतच बसवलेल्या इंधनमापकांची नोंद पाहून युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये सांगितले, की पेट्रोल-डिझेल गाड्या कागदापेक्षा सुमारे २० टक्के जास्त जाळतात. चाचणी कितीही सुधारली, तरी काही अंतर उरतेच, हे यावरून मान्य करायला हवे.

आपल्याकडे मधला मोठा अध्याय डिझेलचा आणि त्यात नाशिकचा वाटा बराच आहे. डिसेंबर १९९८ मध्ये टाटांची इंडिका आली आणि छोट्या गाडीत १.४ लिटरचे डिझेल इंजिन कुटुंबाला परवडू लागले. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतील लांबी आणि पेट्रोलला १,२०० सीसी, डिझेलला १,५०० सीसी अशी मर्यादा पाळणाऱ्या गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले. आजची छोटी गाडी दिसते तशी का दिसते, याचे निम्मे उत्तर या एका तरतुदीत आहे. त्याच सुमारास, २००७ मध्ये, महिंद्रा-रेनॉची लोगान नाशिकच्या कारखान्यात तयार होऊ लागली. दीड लिटरच्या डिझेलवर ती ॲव्हरेज उत्तम देई, टॅक्सीवाल्यांनी तिला उचलून धरले. पण लांबी चार मीटरहून जास्त असल्याने सवलत हुकली आणि भावात ती मागे पडली. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ पर्यंत बांधलेलेच राहिले, त्यामुळे २०१२ च्या सुमारास लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास तफावत होती. मायको, म्हणजे आताची बॉश, हिच्या सातपूरच्या कारखान्यात डिझेल इंजिनांत इंधन फवारणारे नोझल आणि इंजेक्टर बनतात. दरांतली तफावत मिटली आणि एप्रिल २०२० च्या बीएस-६ धूरमानकांनी छोटे डिझेल इंजिन महाग केले, तेव्हा म्हणूनच ही बातमी नाशिकमध्ये केवळ ग्राहकांची राहिली नाही. मारुतीने तर त्याच महिन्यापासून डिझेल गाड्या बंद केल्या.

पेट्रोल गाड्यांचे आकडे मात्र चढत गेले. २००९ पासून कंपन्यांनी प्रमाणित इंधनवापर स्वेच्छेने जाहीर करायला सुरुवात केली आणि आकडा जाहिरातीच्या मथळ्यात आला. तारांकित तळटीप अर्थात बारीक अक्षरांत. २०१७-१८ पासून सरासरी इंधनवापराची मर्यादा लागू झाली : आधी शंभर किलोमीटरला सुमारे साडेपाच लिटर, २०२२-२३ पासून पावणेपाच लिटरच्या आसपास. ही मर्यादा एकेका गाडीची नसते. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी, वजनाचा विचार करून, तिच्याशी ताडतात. मोठ्या गाड्या विकायच्या तर छोट्यांनी सरासरी सांभाळायची. त्यामुळे चाचणीत मिळालेला प्रत्येक दशांश कंपनीला मोलाचा झाला आणि २०२१ च्या सेलेरियोच्या एका प्रकाराने २६.६८ चा आकडा गाठला. एअरबॅग, एबीएस, भक्कम सांगाडा यांनी वजन वाढत असताना हे साधले, याचे श्रेय अभियंत्यांना द्यायलाच हवे; पण त्या आकड्यातला किती भाग गंगापूर रोडवर उतरतो, हा प्रश्न वेगळा.

नाशिकमध्ये तर गाडीला दोन टोकांची परीक्षा द्यावी लागते. शहरात शालिमार, सीबीएस, मुंबई नाका या पट्ट्यात तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या होतात. इंजिन पुरते तापण्याआधीच मुक्काम येतो आणि थंड इंजिन पेट्रोल जास्त पिते. निफाडचा पारा खाली आला की हे आणखी जाणवते. उभ्या गाडीतले छोटे इंजिनही तासाला अर्धा ते पाऊण लिटर जाळते. दुसरे टोक मुंबईच्या रस्त्याचे. समुद्रसपाटीपासून नाशिकपर्यंत सुमारे सहाशे मीटर चढायचे असते. चार माणसे आणि सामान धरून बाराशे किलोची गाडी एवढी वर न्यायला साधारण सात मेगाज्यूल ऊर्जा लागते. लिटरभर पेट्रोलमधून चाकांपर्यंत आठ मेगाज्यूलच्या आसपास पोहोचते. म्हणजे निव्वळ चढाचा खर्च पाऊण ते एक लिटर. उतरताना पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल तोडतात, त्यातून काही भाग परत मिळतो, सगळा नाही. एका बाजूचे ॲव्हरेज सांगणाऱ्याला म्हणूनच ‘येताना की जाताना?’ असे विचारावे लागते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, तेव्हा बोगद्याने कसाऱ्याची वळणे वाचवली. उंची वाचवली नाही. त्या रस्त्यावर मोटारींना १२० ची मर्यादा आहे, तर प्रमाणित चाचणी ९० वर थांबते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ९० वरून १२० ला तो पावणेदोन पट होतो आणि उंच, आखूड बांध्याच्या गाडीला तो सर्वांत जास्त भोवतो.

स्वतः मोजण्याची घरगुती रीत टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल हीच आहे आणि ती योग्य आहे. फक्त दोन्ही वेळा पंप एकच असावा आणि नोझलने पहिल्यांदा कट केल्यावर पुढे ‘राउंड फिगर’साठी पिळून भरू नये. पस्तीस लिटरच्या टाकीत लिटरभराची गफलत झाली, तरी हिशेब तीन टक्क्यांनी हलतो. डॅशबोर्डवरचा आकडा बहुधा गोडच बोलतो. सीएनजीचा आकडा किलोमागे असतो आणि एका किलो वायूतली ऊर्जा लिटरभर पेट्रोलच्या जवळपास दीडपट असते, एवढे लक्षात ठेवले की त्या आकड्यांची पेट्रोलशी थेट तुलना करण्याचा मोह आवरता येतो.

शेवटची भर इथेनॉलची, आणि तिची एक सुरुवात याच जिल्ह्यात झाली. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प मिरज, नाशिक जिल्ह्यातील मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली भागात सुरू झाले. मनमाडजवळच्या पानेवाडीत तेल कंपन्यांचे इंधनसाठे असल्याने ती जागा सोयीची होती. २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत कार्यक्रम लागू झाला, पण २०१३-१४ पर्यंत देशातील मिश्रण दीड टक्क्याच्या आसपासच रेंगाळले. त्यानंतर गती आली : २०२२ मध्ये दहा टक्के, २०२५ मध्ये वीस. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. मुळात शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज वीस टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्क्यांनी, तर दहा टक्के मिश्रणासाठी रचून वीससाठी जुळवलेल्या गाड्यांचे एक ते दोन टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिलेला आहे. लिटरला अठरा देणाऱ्या जुन्या गाडीच्या बाबतीत पहिल्या अंदाजाचा अर्थ सव्वा किलोमीटरच्या आसपास होतो. दहा वर्षांपूर्वीच्या गाडीच्या माहितीपुस्तिकेतला आकडा ज्या पेट्रोलवर काढला होता, त्यात एवढे इथेनॉल नव्हते. आज पंपावर सर्रास मिळते ते वीस टक्केवाले.