अध्यापकीय कारकीर्द, तंत्रशास्त्र विद्यापीठांतील (कोकण)

तंत्रशास्त्र विद्यापीठात रुजू झालेल्या अध्यापकाची बढती, संशोधन आणि प्रशिक्षण यांचे त्याने स्वतः व विद्यापीठाने केलेले नियोजन. कोकणात हा विषय मुख्यतः लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी निगडित आहे. 1989 मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ रायगड जिल्ह्यात माणगाव व महाड यांच्या दरम्यान मुंबई–गोवा महामार्गालगत आहे. विद्यार्थ्यांच्या तोंडी ते ‘बाटू’. 2014च्या अधिनियमानंतर राज्यभरातील महाविद्यालये त्याला संलग्न होऊ लागली आणि परीक्षा-अभ्यासक्रमाच्या कामाचा व्याप वाढला.

सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक अशी पदांची चढण आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या 2019च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन रु. 57,700 पासून सुरू होते. नव्या अध्यापकाला आठ घटकांचे ऑनलाइन प्रशिक्षणही पूर्ण करावे लागते. सुरुवातीच्या बढत्या एम.टेक.वर मिळतात, सहयोगी प्राध्यापक व्हायचे तर पीएच.डी. हवीच. खरी गाठ इथे बसते.

लोणेऱ्याहून किंवा रत्नागिरीहून पीएच.डी. करणाऱ्याला मार्गदर्शक आणि महागडी उपकरणे बहुधा मुंबई-पुण्यातच शोधावी लागतात. पूर्णवेळ रजेवर जाऊन संशोधन करता यावे म्हणून केंद्राने 1970 मध्ये गुणवत्ता सुधार कार्यक्रम सुरू केला. पण विभागात जागा रिकाम्या असल्या, तर रजेवर गेलेल्याचे तास घेणार कोण? म्हणून रजा मंजूर करताना बदली अध्यापकाची सोय करणे हे विद्यापीठाचे पहिले कर्तव्य मानले पाहिजे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची स्थिती याहून बिकट: त्यांना ना अभ्यासरजा, ना बढतीची योजना. वर्षानुवर्षे शिकवूनही त्यांची कारकीर्द सुरूच होत नाही, हा अन्याय आहे.

संशोधनाचे विषय मात्र दाराशी आहेत. खाऱ्या हवेत गंजणारे सळईचे बांधकाम, जांभा दगडाची ताकद, काजूप्रक्रिया, मासळी वाळवणे, दरडी. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळिये गाव दरडीखाली गेले, ते लोणेऱ्याच्या शेजारच्याच तालुक्यात. यांपैकी काजू व मासळीच्या कामात दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाशी (स्थापना 1972) संयुक्त मार्गदर्शन सहज शक्य आहे. तिथे कृषी अभियांत्रिकीचे स्वतंत्र महाविद्यालयही आहे.