राउटरचा एमटीयू आणि अर्धवट उघडणाऱ्या साइट

एमटीयू म्हणजे एका पॅकेटमध्ये, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या डेटाच्या एका गठ्ठ्यात, जास्तीत जास्त किती बाइट मावतात त्याचं माप. घरच्या राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या इंटरनेट लाइनच्या, सेटिंगमध्ये हा आकडा कुठेतरी कोपऱ्यात पडलेला असतो आणि वर्षानुवर्षं कोणी त्याच्याकडे बघत नाही. तो चुकला तरी नेट बंद पडत नाही, आणि घोळ होतो तो तिथेच, कारण काही साइट फटाफट उघडतात, काही नुसत्या गोल गोल फिरत राहतात आणि माणूस ब्राउझर बदल, लॅपटॉप फॉरमॅट कर असं करत बसतो.

इथरनेटचं नेहमीचं माप १५०० बाइट. पण आपल्याकडच्या बऱ्याच फायबर आणि ब्रॉडबँड लाइन पीपीपीओईवर चालतात, म्हणजे राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकावा लागतो त्या. ही पद्धत १९९९ च्या आरएफसी २५१६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहिलेली आहे, ती प्रत्येक पॅकेटमध्ये स्वतःचे ८ बाइट घेते आणि आपल्याला उरतात १४९२.

आता समोरच्या सर्व्हरने १५०० चं पॅकेट पाठवलं आणि त्यावर 'तुकडे करू नका' अशी खूण असली, तर अडलेल्या ठिकाणच्या राउटरने त्याला आयसीएमपीचा, म्हणजे नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा, निरोप द्यायचा की बाबा, लहान पाठव. १९९० च्या आरएफसी ११९१ मध्ये हीच व्यवस्था सांगितलीय आणि ती चांगली आहे. पण सुरक्षेच्या नावाखाली कितीतरी जण फायरवॉलवर सगळंच आयसीएमपी अडवून ठेवतात, मग निरोप पोचत नाही, सर्व्हर तेच मोठं पॅकेट परत परत पाठवतो आणि ते वाटेतच गायब होतं. याला ब्लॅक होल म्हणतात. सरसकट आयसीएमपी बंद करणं ही माझ्या मते साफ चुकीची सवय आहे, त्रास भलत्यालाच होतो.

मावशीकडे हे अगदी जवळून बघितलं. युट्यूब मस्त चालू, व्हॉट्सअ‍ॅप चालू, पण बँकेचं लॉगिन पान पांढरंफटक, आणि तोच फोन वाय-फायवरून काढून मोबाइल डेटावर घेतला की पान लगेच हजर. म्हणजे बँकेची साइट ठीक होती, गडबड लाइनवर होती. युट्यूब चालण्याचं कारण असं की गुगलच्या साइट बहुतेक वेळा क्विक नावाच्या डेटा पाठवण्याच्या पद्धतीवर चालतात आणि तिथे पॅकेटचं माप मुळातच लहान ठेवलेलं असतं. बँकेच्या साइटला मात्र सुरुवातीलाच ओळख पटवणारं सर्टिफिकेट पाठवावं लागतं, ते मोठ्या पॅकेटमधून येतं आणि तिथेच अडकतं. राउटर उघडून बघितला तर मावसभावाने गेमसाठी स्पीड वाढेल म्हणून एमटीयू १५०० करून ठेवलेला!

अंदाजाने आकडा टाकण्यापेक्षा मोजून टाकावा, दोन मिनिटांचं काम आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग (समोरून उत्तर येतं का ते बघणारी कमांड) लिहून पुढे डॅश एफ, डॅश एल, १४७२ आणि कुठल्यातरी साइटचं नाव द्यायचं. १४७२ अशासाठी की हेडरचे, म्हणजे पॅकेटवरच्या पत्ता वगैरे माहितीचे, २८ बाइट वर धरले की १५०० होतात. उत्तर आलं तर लाइन पूर्ण १५०० ची आहे. पॅकेटचे तुकडे करावे लागतील अशी ओळ आली तर कुठल्यातरी राउटरने इमानदारीत निरोप दिलाय, आणि नुसतंच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं, पण लहान पिंग व्यवस्थित जातंय, तर ब्लॅक होलचा संशय घ्यायचा. मग आकडा थोडा थोडा कमी करत जायचं, जिथे पहिल्यांदा उत्तर येईल त्यात २८ मिळवायचे. मावशीकडे १४६४ ला उत्तर आलं, म्हणजे १४९२. तोच आकडा वॅनच्या पानावर टाकून सेव्ह केलं, राउटर रीस्टार्ट केला आणि बँकेचं पान उघडलं. काही राउटरवर कंपनीकडूनच १४८० असतं, तेही चालतं, छेडायची गरज नाही.

बरेच राउटर या आकड्यावरून एमएसएसही, म्हणजे एका पॅकेटमधल्या प्रत्यक्ष डेटाचं कमाल माप, बसवतात, १४९२ मधून हेडरचे ४० वजा जाऊन १४५२, आणि कनेक्शन जोडतानाच समोरच्याला सांगतात की यापेक्षा मोठा तुकडा पाठवू नको. त्यामुळे आयसीएमपी अडवलेलं असलं तरी काम होतं. फार खाली मात्र जाऊ नये, इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीला, आयपीव्ही६ ला, किमान १२८० लागतात.

घरून काम करणाऱ्या काहींना व्हीपीएन लावल्यावरच हा त्रास होतो, कारण व्हीपीएनचा बोगदा, म्हणजे ऑफिसपर्यंतची सुरक्षित वाट, आणखी बाइट खातो. वायरगार्ड नावाचं व्हीपीएन सहसा १४२० धरतं, १५०० मधून ८० वजा. पीपीपीओई लाइनवर ते १४१२ केलेलं बरं, आणि हा बदल राउटरमध्ये नाही, व्हीपीएनच्याच सेटिंगमध्ये करायचा.