देशमुख, गणपतराव

देशमुख, गणपतराव : (10 ऑगस्ट 1926–30 जुलै 2021). शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) ज्येष्ठ नेते आणि सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघाचे अकरा वेळा निवडून आलेले आमदार. जन्म मोहोळ तालुक्यातील पेनूर येथे, धनगर समाजातील कुटुंबात. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी सांगोल्यात वकिली सुरू केली आणि तिथलेच झाले. तालुक्यात त्यांना सगळे ‘आबासाहेब’ म्हणत.

शेकापची स्थापना 1947 ची. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही काँग्रेसमधून बाहेर पडलेली मंडळी तिच्या मुळाशी होती. कुळांचे, कष्टकऱ्यांचे प्रश्न काँग्रेसमध्ये राहून सुटणार नाहीत, अशी त्यांची धारणा होती. पुढे यांतले बरेच जण काँग्रेसमध्ये परतले. देशमुख मात्र ज्या पक्षात आले, त्याच पक्षात शेवटपर्यंत राहिले. महाराष्ट्राच्या राजकारणात ही गोष्ट किती दुर्मीळ आहे, हे वेगळे सांगायला नको.

ते प्रथम निवडून आले 1962 मध्ये. संयुक्त महाराष्ट्र झाल्यानंतरची ही पहिलीच विधानसभा निवडणूक. काँग्रेसने 264 पैकी 215 जागा जिंकल्या, शेकापला 15 मिळाल्या आणि त्यांत एक सांगोल्याची होती. 1967 मध्ये त्यांनी जागा राखली. 1972 मध्ये राज्यात काँग्रेसची लाट होती, तीत ते पडले. परंतु 1974 च्या पोटनिवडणुकीत पुन्हा निवडून आले. त्यानंतर 1978, 1980, 1985 आणि 1990 असे सलग चार विजय. 1995 मध्ये काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना अवघ्या 192 मतांनी हरवले. एवढी मते एखाद्या वाडीतही असतात. 1999 मध्ये त्यांनी जागा परत मिळवली आणि 2004, 2009, 2014 मध्येही ती राखली. 2014 मध्ये देशभर मोदींची हवा होती आणि समोर शिवसेनेकडून शहाजीबापूच उभे होते. तरी 88 वर्षांच्या देशमुखांनी सुमारे 25 हजारांचे मताधिक्य घेतले. तेरा लढतींत अकरा विजय, दोन पराभव, आणि जवळपास पन्नास वर्षे आमदारकी, असा हा हिशेब आहे.

एकाच मतदारसंघातून सर्वाधिक वेळा निवडून येण्याचा देशातील विक्रम त्यांच्या नावावर असल्याचे अनेक ठिकाणी छापून येते. ते बरोबर नाही. केरळमध्ये के. एम. माणी पाला मतदारसंघातून तेरा वेळा, तर ओमन चांडी पुथुपल्लीतून बारा वेळा निवडून आले. देशमुखांचे मोठेपण त्या आकड्यावर अवलंबूनही नाही. माणी आणि चांडी वारंवार सत्तेत बसणाऱ्या आघाड्यांचे नेते होते. देशमुखांचा पक्ष मात्र डोळ्यांदेखत आटत गेला. विधानसभेत शेकापचे 1967 मध्ये 19 आमदार होते, 1978 मध्ये 13, 1990 मध्ये 8, 1999 मध्ये 5 आणि 2014 मध्ये 3. पक्ष उतरणीला लागलेला असताना सांगोल्याने पुन्हा पुन्हा त्याच माणसाला निवडून दिले. हे का घडले, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पाण्यात आहे.

सांगोला हा माणदेशाला लागून असलेला अवर्षणप्रवण टापू. माण नदी तालुक्यातून वाहते, पण वर्षातले बरेच महिने पात्रात वाळूच दिसते. पाऊस कमी आणि तोही बेभरवशाचा. पश्चिमेला कृष्णाकाठी उसाचे मळे हिरवेगार आणि इकडे जनावरांना चारा नाही, ही विषमता देशमुखांच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी होती. 1990 च्या दशकात स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी, श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर आणि देशमुख यांच्या पुढाकाराने सांगली जिल्ह्यातील आटपाडीत पाणी परिषदा सुरू झाल्या. सांगली, सातारा, सोलापूर जिल्ह्यांतील दुष्काळी तालुक्यांतून हजारो शेतकरी तिथे येत. कृष्णेचे पाणी दुष्काळी पट्ट्याला मिळालेच पाहिजे, ही एक मागणी. दुसरी तिच्याहून धारदार होती : पाणी समान वाटले जावे, जमीन किती यावर न मोजता प्रत्येक कुटुंबाला मिळावे. धरण कुठे बांधायचे यावर महाराष्ट्रात पुष्कळ भांडणे झाली. पाणी कोणाच्या वाट्याला किती, हे इतक्या नेमकेपणाने विचारणारे थोडे होते.

कराड तालुक्यातील टेंभू येथे कृष्णेचे पाणी अडवून टप्प्याटप्प्याने वर उचलणारी टेंभू उपसा सिंचन योजना आणि मिरज तालुक्यातील म्हैसाळ योजना यांतून हे पाणी सांगोल्याकडे यायचे होते. 1996 मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाल्यावर कामांना पैसा मिळू लागला. तरीही निधी, पंपगृहे, कालव्यांची अर्धवट कामे आणि वीजबिलाची थकबाकी यांत वर्षामागून वर्षे गेली. देशमुख दर अधिवेशनात हेच प्रश्न घेऊन उभे राहत. टेंभू, म्हैसाळ, नीरा उजव्या कालव्याचे शेवटचे टोक : विषयांची यादी वर्षानुवर्षे तीच. कंटाळवाणी वाटली तरी ही चिकाटीच त्यांच्या कामाचा गाभा होती.

पाणी येईपर्यंत शेतकऱ्याने जगायचे कसे? त्याचे एक उत्तर डाळिंबाने दिले. रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड योजना 1990 मध्ये सुरू झाली आणि सांगोल्याच्या माळरानावर बोर आणि डाळिंब पसरले. हे झाड या मातीला मानवते ते त्याच्या स्वभावामुळे. बहार धरायचा तर आधी बागेचे पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. पाने गळतात, मग छाटणी आणि खत, त्यानंतर पहिले पाणी सोडले की झाड कळ्यांनी भरते. हलकी, मुरमाड जमीन हा ताण लवकर देते. पण ताण संपवणारे ते पाणी वेळेवर मिळाले नाही, तर सगळा बहार जातो. थोड्या पण हमखास पाण्याची मागणी इथे एवढ्या तळमळीने का होते, ते अशा बागेत उभे राहिले की कळते. पुढे तेल्या आणि मर रोगांनी या बागांचे मोठे नुकसान केले, तरी सांगोल्याची ओळख डाळिंबाचीच राहिली. देशातील शंभरावी किसान रेल्वे डिसेंबर 2020 मध्ये सांगोल्याहूनच सुटली.

सहकारात त्यांनी उभी केलेली सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी नीट चाललेली गिरणी म्हणून नावाजली. राज्यातल्या सहकारी सूतगिरण्या एकामागून एक बुडत असताना ती टिकली, याचा तालुक्याला अभिमान आहे.

सत्तेत ते दोनदाच बसले. 1978 मध्ये शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात ते मंत्री होते. ते सरकार फेब्रुवारी 1980 मध्ये बरखास्त झाले. 1999 मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे पणन आणि रोजगार हमी ही खाती होती. 2002 मध्ये शेकाप सरकारमधून बाहेर पडला आणि मंत्रिपदही गेले. बाकीची सगळी कारकीर्द विरोधी बाकांवरची.

त्यांच्या साधेपणाच्या गोष्टी सांगोल्यात घरोघर सांगतात. त्यांतली एसटीची गोष्ट सर्वांत जास्त पसरली. लाल एसटीत पुढच्या बाजूला आमदारांसाठी राखीव आसन असते. प्रवाशांना ते बहुधा दुसऱ्याच कोणाला तरी मिळालेले दिसते. देशमुख मात्र खरोखरच एसटीने प्रवास करत. निवडणुकीत लोक वर्गणी गोळा करत, भिंतीवर पक्षाचे चिन्ह, खटारा (बैलगाडी), रंगवत.

2019 मध्ये वयोमानामुळे ते लढले नाहीत. नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शहाजीबापू पाटलांकडून 768 मतांनी हरले. 1995 प्रमाणे याही वेळी निकाल काठावरचा लागला. 30 जुलै 2021 रोजी सोलापुरात देशमुखांचे निधन झाले. 2024 मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंचा पराभव करून जागा परत मिळवली. घराणेशाहीच्या विरोधात बोलणाऱ्या पक्षाला शेवटी आडनावाचाच आधार लागला, हे नमूद करायलाच हवे. 288 सदस्यांच्या त्या विधानसभेत शेकापचा निवडून आलेला आमदार एकच, तो सांगोल्याचा.